मांजरीच्या दोन वेतांमध्ये किती अंतर ठेवावं?

चाफेकळी | ४ मार्च, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते. आमची शेवंती, पर्शियन मिक्स, वीस महिन्यांची, संक्रांतीच्या रात्री व्याली. घरचे सगळे गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेला, होम बघायला गेले होते. मी एकटी घरात, आणि हिने धुण्याच्या टोपलीत माझ्या जुन्या चादरीवर चार पिल्लं घातली. चारही जगली. आज बरोबर सात आठवड्यांची झाली.

तीन दिवसांपासून शेवंती पुन्हा माजावर आली आहे. फरशीवर लोळते, मागचं अंग उचलून शेपटी बाजूला करते, रात्री दोन वाजता दारापाशी बसून असं ओरडते की शेजारच्या काकू काय झालं म्हणून विचारायला आल्या. पिल्लं अजून तिला पितात. मला वाटत होतं, पाजत असताना माज येतच नाही.

माझ्या दिरांच्या मित्राकडे होटगी रोडला पर्शियन बोका आहे. चारही पिल्लांना घरं ठरली, एकेकाचे आठ हजार मिळणार आहेत, अजून दोघं रांगेत आहेत. दीर म्हणतात, माज निसर्गानंच दिलाय, आत्ताच लावून टाकू, मे महिन्यात पिल्लं मिळतील. मला ते मनातून पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. पहिल्यांदा बोका दाखवला तेव्हा तिचं वजन ३ किलो ४०० ग्रॅम होतं. आज २ किलो ९०० भरलं. पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागतात.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा, किती थांबायचं? आणि थांबवायचं कसं? ती तर थांबायला तयार नाही.

रात्रपाळी | रात्री १०:४१

चार लेकरं पदराला आणि घरात परत लग्नाची बोलणी! ताई, शेवंतीला आधी माहेरपण करू द्या.

मालदांडी | रात्री ११:०५

मी मंगळवेढ्याचा. मांजराचं शास्त्र मला माहीत नाही, म्हशीचं सांगतो. आमच्याकडं पंढरपुरी म्हशी आहेत. म्हैस व्याल्यावर पहिला माज दिसला म्हणून कुणी लगेच भरवत नाही. दोन-तीन महिने जाऊ देतो, तिला अंग धरू देतो. आणि पुढचं वेत जवळ आलं की शेवटचे दोन महिने दूध काढणं बंद, भाकड ठेवतो. पोटातल्यालाही द्यायचं आणि चरवीतही द्यायचं, हे एका जिवाला झेपत नाही.

तुमच्या शेवंतीचं अर्धा किलो वजन गेलंय. तीन-साडेतीन किलोच्या जनावरात अर्धा किलो म्हणजे सातवा हिस्सा. माझ्या म्हशीचा सातवा हिस्सा गेला असता तर मी रात्री झोपलो नसतो.

विजापूरवेस_पर्शियन | रात्री ११:३०

मालदांडी भाऊ, मान ठेवून सांगतो, म्हशीचा हिशेब मांजरीला लागत नाही. मी अकरा वर्षं पर्शियन पाळतोय. मांजरीला बोका मिळाला नाही तर माज दोन-तीन आठवड्यांनी परत येतो, परत येतो, परत येतो. त्या काळात ती जेवत नाही, झोपत नाही, भिंतीवर मुततेसुद्धा. माझी एक मांजर 'विश्रांती' द्यायची म्हणून मी आठ महिने रिकामी ठेवली. ती वाळून काटकी झाली आणि शेवटी गर्भाशयात पू झाला, ऑपरेशन करून गर्भाशय काढावं लागलं. तेव्हापासून मी उलटं करतो. चांगलं खाऊपिऊ घालून दोन वेतं जवळजवळ घेतो, पाच वर्षांच्या आत तिला मोकळी करतो, ऑपरेशन करून घरातच ठेवतो. रिकामा माज म्हणजे आराम नव्हे, हे कृपा करून लक्षात घ्या.

अर्थात सात आठवड्यांत, तेही अर्धा किलो वजन गेलेल्या मांजरीला, मीही लावणार नाही. जवळ म्हणजे इतकं जवळ नव्हे.

बाळीवेस | रात्री ११:३४

म्हणजे आमच्या गल्लीतला बोका महिनाभर ओरडालाय ते यामुळंच की! मला वाटलं त्याचं पोट दुखालंय.

निवृत्त_पशुवैद्य | ५ मार्च, सकाळी ७:१५

चाफेकळी, तुमचा प्रश्न अगदी योग्य वेळी आला. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पाजत असताना माज येत नाही हा समज माणसांवरून आलेला आहे. बऱ्याच मांजरी दूध तुटल्यावर दोन-तीन आठवड्यांत माजावर येतात, पण पिल्लं अंगावर असतानाही येतात, आणि काही तर व्याल्यावर थोड्याच दिवसांत. तेव्हा पाजतेय म्हणून बोक्याला घरात मोकळं ठेवणं चुकीचं.

दुसरी गोष्ट, विजापूरवेस यांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. मांजरीत अंडं सुटतं ते मिलन झाल्यावर, साधारण एक-दोन दिवसांत. मिलन झालं नाही तर माज आठवडाभर राहून ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा उभा राहतो. काही मांजरींत मिलनाशिवायही अंडं सुटतं. असे माज वर्षानुवर्षं येत राहिले की गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि पुढं पू होण्याची शक्यता वाढते. पण 'वर्षानुवर्षं' हा शब्द विसरू नका. वीस महिन्यांच्या मांजरीचे चार-पाच माज रिकामे गेले तर आभाळ कोसळत नाही. सात आठवड्यांची पिल्लं ओढत असताना गाभण राहिली तर मात्र नुकसान नक्की.

ते नुकसान कसं होतं ते दिरांना सांगा. गाभणपणात मांजर अंगावर चरबी साठवते आणि पाजताना ती खर्च करते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सगळ्यात जास्त असतं, तेव्हा तिला एरवीच्या दुपटी-तिपटीनं अन्न लागतं. खाऊन ते पुरं पडत नाही, उरलेलं ती स्वतःच्या अंगातून काढते. तुम्ही वजनात पाहिलेला अर्धा किलो तो हाच. ती ठेव परत भरायच्या आधी दुसरी गाभण म्हणजे रिकाम्या कणगीतून पुन्हा धान्य काढणं. पिल्लं कमी वजनाची होतात, दूध कमी पडतं, पाजताना आई झटके येऊन पडू शकते.

माझा नियम महिन्यांचा नाही, तीन गोष्टींचा आहे. पिल्लं पूर्ण तुटून बारा आठवड्यांची झालेली असावीत. आईचं वजन पहिल्या गाभणीच्या आधी होतं तिथं परत येऊन दोन-तीन आठवडे टिकलेलं असावं. आणि लस-जंत हे सगळं मिलनाच्या आधी झालेलं असावं, कारण मांजरीच्या पार्व्होची (हा विषाणूचा आजार) जिवंत लस गाभण मांजरीला दिली तर पिल्लांच्या लहान मेंदूवर परिणाम होतो, ती डगमगत चालणारी जन्मतात. या तिन्ही गोष्टी जुळून यायला सुदृढ मांजरीलाही पाच-सहा महिने सहज लागतात.

आणि हिशेब करा. आज लावली तर ६५ दिवसांनी, म्हणजे ९ मेच्या आसपास व्याणार. मे महिन्यातलं सोलापूर तुम्हाला सांगायला नको. चपट्या नाकाची, लांब केसांची मांजर, ४२-४३ अंशांत, कळा देतेय. पर्शियनमध्ये पिल्लाचं डोकं मोठं असल्यानं अडण्याचं प्रमाण आधीच जास्त.

चाफेकळी | सकाळी ८:०२

डॉक्टरकाका, हे वाचून दाखवलं. ९ मे ऐकल्यावर दीर पहिल्यांदाच गप्प बसले. सासूबाई म्हणाल्या, "मे महिन्यात आपल्यालाच उठवत नाही, ती बिचारी काय करील."

धान्यपेठ | सकाळी ९:२०

माज बंद करायचं इंजेक्शन मिळतं ना? आमच्या ओळखीत एकांनी दिलं होतं, तीन महिने शांतता.

निवृत्त_पशुवैद्य | सकाळी ९:४८

मिळतं, आणि मी नोकरीत असताना सुरुवातीची काही वर्षं दिलंही आहे. नंतर सोडून दिलं. ती प्रोजेस्टेरॉनसारखी, म्हणजे गाभणपणाच्या हॉर्मोनसारखी औषधं असतात. त्यांनी स्तन सुजून लिंबाएवढे होतात, गर्भाशयात पू होतो, मधुमेह होतो, पुढं स्तनाच्या गाठी. जिच्यापासून पुन्हा पिल्लं घ्यायची आहेत तिला तर मुळीच देऊ नका. आणि जिच्यापासून घ्यायची नाहीत तिचं ऑपरेशन करा. इंजेक्शनला जागा उरतेच कुठं?

भटक्यांची_माय | सकाळी १०:३०

मी जरा कडू बोलते, रागावू नका. दर पावसाळ्यात माझ्या दारात कुणीतरी पिल्लांचं खोकं ठेवून जातं. गेल्या वर्षी सात खोकी. त्यात दोन खोक्यांत पर्शियन मिक्सही होती, डोळे चिकटलेली. मांजर वर्षात तीनदा विऊ शकते, चारच्या हिशेबानं बारा पिल्लं झाली. बारा घरं आहेत का सोलापुरात? अंतर किती ठेवावं याचं माझ्याकडं एकच उत्तर आहे, पुढचं वेतच नको. पाच-सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन करून टाकावं. पहिल्या वर्षाच्या आत झालं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही फार कमी होतो.

चाफेकळी | सकाळी ११:१०

माय, रागावले नाही. तुमचं बरोबर आहे आणि मला त्याची टोचणी लागलेली आहे. चारही घरं मी स्वतः जाऊन बघून आले आहे. आणि कुणालाही नको झालं तर पिल्लू माझ्याकडे परत, हे लिहून घेतलंय. एका वेताची इच्छा मला अजून आहे, हेही खरं सांगते. तेवढं झालं की ऑपरेशन, हा शब्द इथं सगळ्यांसमोर देते.

अक्का_भवानीपेठ | दुपारी १:२५

आम्ही तेलुगू माणसं. आमच्याकडं मांजराला पिल्ली म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा शेजारीण म्हणाली, "मांजराची पिल्लं बघ," मी विचारात पडले, मांजराची मांजरं म्हणजे काय!

आमच्या मागाच्या शेडात कायम मांजर असायचंच. सुताला खळ लावतात ना, त्या वासाला उंदीर येतात, आणि उंदरानं ताणा कुरतडला की आठवड्याची मजुरी गेली. म्हणून मांजर घरच्यासारखं. आमची एक कबरी होती, वर्षात तीन-तीनदा वियायची, कुणी अंतर बघत नव्हतं. सगळे म्हणायचे, किती गुणाची, किती वितीय. ती चौथ्या वर्षीच गेली. शेवटच्या वेळेस एकच पिल्लू, तेही दोन दिवसांचं. आज तुमचं सगळं वाचून मला ती आठवली. दात पडलेली, पोट लोंबलेलं, आणि चार वर्षांची. आम्हाला ती म्हातारी वाटायची.

बाळीवेस | दुपारी १:५०

अक्का, डोळ्यात पाणी आलं बगा.

कंबर_तलाव | दुपारी ३:१५

आमच्याकडं एक मांजर दूध-भाकरीवर चौदा वर्षं जगली. कसलं मटण नाही, कसलं पाकिटातलं खाणं नाही. आता सगळे टॉरिन टॉरिन करतात.

निवृत्त_पशुवैद्य | दुपारी ३:४०

चौदा वर्षं जगली ती भाकरीवर नव्हे, रात्री गच्चीवर तिनं जे मारून खाल्लं त्यावर! टॉरिन हा अन्नातला घटक मांसात आणि माशात असतो, ज्वारीत नसतो, दुधात नावापुरता. कुत्र्याचं शरीर ते स्वतः बनवतं, मांजरीचं पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं की हृदय ढिलं पडतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं आणि त्यानंतर मांजरांच्या तयार अन्नात ते वाढवलं गेलं. डोळे जातात. आणि या धाग्याच्या दृष्टीनं सांगायचं तर गर्भ पोटातच जिरतात किंवा पिल्लं किडकी निपजतात. तुमची मांजर मोकळी फिरणारी होती. शेवंती बंद फ्लॅटमध्ये आहे, तिला उंदीर कोण आणून देणार?

कंबर_तलाव | दुपारी ३:५२

ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ती खरंच रोज सकाळी पायपुसण्यावर उंदराची शेपटी आणून ठेवायची.

विजापूरवेस_पर्शियन | दुपारी ४:३०

खाण्याचं मी सांगतो, काकांनी चूक असेल तर दुरुस्त करावं. पिल्लं तुटली तरी आईचं 'पिल्लांचं खाणं' महिना-दीड महिना चालू ठेवतो, म्हणजे किटन फूड. त्यात ताकद जास्त असते. घरचं म्हणून कोंबडी, त्यात कोंबडीची हृदयं हमखास. शिजवलेलं पाणी फेकत नाही, टॉरिन त्या पाण्यात उतरतं. उजनीची चिलापी मिळाली की वाफवून, काटे काढून. कलेजी आठवड्यातून एकदाच आणि थोडी, रोज दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन हाडं धरतात. मीठ, कांदा, लसूण काही नाही.

निवृत्त_पशुवैद्य | दुपारी ४:४१

दुरुस्तीची गरज नाही.

सोनपरीची_आई | रात्री ९:१०

लिहू की नको करत दिवस गेला. लिहिते.

आमच्या सोनपरीला एका वर्षात तीन वेतं झाली. पहिलं ठरवून. दुसरं खिडकीची जाळी उसवली म्हणून. तिसरं मी ठरवून घेतलं, कारण दुसऱ्या वेळची पिल्लं छान निघाली होती आणि तिच्यात मला काही कमी दिसलं नव्हतं. जेवत होती, खेळत होती. मी वजन कधी केलंच नाही. लांब केसांखाली काही दिसत नाही हो, मांजर गुबगुबीतच वाटते.

तिसऱ्या वेताची दोनच पिल्लं. एक ६० ग्रॅम, एक ७०. नंतर समजलं की ९०-१०० ग्रॅमचं असायला हवं. बाराव्या दिवशी रात्री सोनपरी थरथरायला लागली. आधी वाटलं थंडी. मग पाय ताठ, तोंडातून लाळ, अंग तव्यासारखं तापलेलं. रात्री एक वाजता रिक्षा करून गेलो. डॉक्टरांनी हाताच्या शिरेतून कॅल्शियम थेंब थेंब दिलं, कानाला यंत्र लावून बसले होते. ती वाचली. पण पिल्लांना परत तिच्याजवळ ठेवायचं नाही म्हणाले, आणि बाटलीनं मला ती जगवता आली नाहीत. एक तिसऱ्या दिवशी गेलं, एक पाचव्या.

सोनपरी आज नऊ वर्षांची आहे, ऑपरेशन झालेलं आहे, माझ्या पायाशी झोपलीये. चाफेकळी, तुम्ही काट्यावर ठेवलंत, इथं येऊन विचारलंत. मी विचारलं नव्हतं.

मालदांडी | रात्री ९:२५

ताई, ज्यानं सोसलं तोच दुसऱ्याला सावध करतो. लिहिलंत, फार चांगलं केलंत.

चाफेकळी | रात्री ९:४०

सोनपरीच्या पाठीवरून माझ्या वतीनं हात फिरवा. काका, मग गाभण असतानाच कॅल्शियमची बाटली सुरू करायची का?

निवृत्त_पशुवैद्य | रात्री १०:०५

नाही! हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण हेतू चांगला असतो. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून रक्तात आणणारी शरीराची यंत्रणा मंद पडते. मग दूध सुरू होताच एकदम गरज वाढते आणि ती यंत्रणा वेळेत जागी होत नाही. समतोल खाणं पुरेसं आहे. व्याल्यानंतर गरज वाटली तर डॉक्टर सांगतील. सोनपरीच्या आईंनी रात्री एक वाजता धाव घेतली, सकाळची वाट बघितली नाही, म्हणून ती आज पायाशी आहे.

राइनकाठी | ६ मार्च, दुपारी २:३०

मूळची सोलापूरची, रेल्वे लाइन्सची. आता जर्मनीत. इथं माझी मैत्रीण बर्मी मांजरी वाढवते. फिफे नावाचा मांजरपालकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, त्यांचा नियम असा की एका मांजरीला २४ महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेतं नाहीत. म्हणजे सरासरी आठ महिन्यांना एक. ती मैत्रीण म्हणते, ही वरची मर्यादा आहे, तिथंपर्यंत जायलाच हवं असं नाही.

अजून एक गंमत. इथं थंडीत दिवस आठ तासांचा होतो, तेव्हा बाहेर राहणाऱ्या मांजरींचा माज आपोआप थांबतो. ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्या शांत. मला वाटायचं थंडीनं. थंडीनं नाही, उजेडानं.

निवृत्त_पशुवैद्य | दुपारी ३:१०

राइनकाठी, फार कामाचं लिहिलंत. मांजर दिवस मोठा झाला की माजावर येते. आपलं सोलापूर १७-१८ अक्षांशावर, अगदी डिसेंबरातही ११ तासांचा दिवस. त्यात घराघरात रात्री बारापर्यंत दिवे. म्हणजे मांजरीच्या डोळ्यांना बाराही महिने उन्हाळा. निसर्गानं जे अंतर तिकडच्या मांजरींना दिलं ते आपल्याकडच्या घरातल्या मांजरीला मिळतच नाही. म्हणून 'निसर्गानंच माज दिलाय' हे दिरांचं वाक्य पुरतं खरं नाही. तो माज अर्धा ट्यूबलाइटनं दिलाय.

चाफेकळी, मागची एखादी खोली असेल तर संध्याकाळी सात ते सकाळी नऊ तिला तिथं ठेवा, जाड पडदा, दिवा बंद. रोज, न चुकता. सगळ्या मांजरींत एकसारखा गुण येत नाही, पण माज लांबताना मी पाहिलेत. पिल्लं पितायत तोवर ती सोबत राहू देत.

धान्यपेठ | दुपारी ३:३५

पडद्याला दुहेरी सोलापुरी चादर लावा, सूर्यालाही आत यायला परवानगी घ्यावी लागते!

भटक्यांची_माय | सायंकाळी ६:००

ट्यूबलाइटचं मला माहीत नव्हतं. माझ्याकडच्या मोठ्या खोलीत रात्रभर दिवा असतो, आजपासून बंद.

एक भर घालते. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी चालत नाही, बोका बाहेरून नखांनी फाडतो. बारीक लोखंडी जाळी स्क्रूनं ठोकून घ्या. एका माजात दोन-तीन बोके झाले तर एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लं होतात, मग होटगी रोडचा बोका कागदावरच राहतो. आणि बोक्याचं ऑपरेशन केलं म्हणून दुसऱ्या दिवशी निर्धास्त होऊ नका, पुढं काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो. माझी फजिती झालेली आहे.

ज्वारीचं_कणीस | सायंकाळी ६:४०

कायद्यात काही आहे का याबद्दल? कुत्र्यांचं ऐकलं होतं.

विजापूरवेस_पर्शियन | सायंकाळी ७:०५

कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. १८ महिन्यांच्या आधी मादी लावायची नाही, वर्षात एकच वेत. मांजरींसाठी तसे वेगळे नियम नाहीत, म्हणून तर ज्याला वाटेल तो बोका-मांजर एका पिंजऱ्यात ठेवतो आणि स्वतःला ब्रीडर म्हणवतो. मला हे फार लागतं. माझ्या धंद्याचं नाव त्यांनीच घालवलं. मी स्वतःपुरता १५ महिने वय आणि वजन बघतो, आणि पर्शियन असेल तर किडनीची सोनोग्राफी. पर्शियनमध्ये किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. आईबापातल्या एकाला असला तरी निम्म्या पिल्लांना जाऊ शकतो. चाफेकळीताई, दुसऱ्या वेताआधी शेवंतीची आणि त्या बोक्याचीही करून घ्या. बोक्याचा मालक नाही म्हणाला तर तो बोका नको.

चाफेकळी | ९ एप्रिल, रात्री १०:५०

धागा वर आणतेय. काल पिल्लं बारा आठवड्यांची झाली. तीन आपापल्या घरी गेली, दोन लसी घेऊन. चौथं, कबऱ्या कानाचं, सासूबाईंनी ठेवून घेतलं. रांगेतल्या दोघांना मी फोन करून सांगितलं की यंदा उन्हाळ्यात पिल्लं नाहीत. एकानं फोन ठेवला. दुसऱ्या बाई म्हणाल्या, थांबते, तुमच्याकडचंच घेईन.

दर रविवारी वजन करतो. मार्चमध्ये हलायला तयार नव्हतं, २ किलो ९००, ९२०, ९००. पिल्लं तुटल्यावर चढायला लागलं. गेल्या रविवारी ३ किलो ११०. अंधाराची खोली चालू आहे. पहिला माज सहा दिवस राहिला, दुसरा तीन आठवड्यांनी आला. तिसऱ्याची वाट बघतोय. शेजारच्या काकूंना चकल्या दिल्या.

विजापूरवेस_पर्शियन | रात्री ११:१५

चांगलं चाललंय. पण ताई, वजन आलं की मग उगाच वर्ष काढू नका. माझं म्हणणं अजून तेच आहे. तयार झालेल्या मांजरीला नुसतं माजावर झुरवत ठेवणं बरं नव्हे. एक तर लावा, नाही तर ऑपरेशन करा.

मालदांडी | रात्री ११:२०

इथं मी विजापूरवेस भाऊंशी सहमत. अंग धरल्यावर म्हैससुद्धा आम्ही ठेवत नाही. भाकड ठेवायची ती कारणापुरती.

निवृत्त_पशुवैद्य | १० एप्रिल, सकाळी ७:००

मीही. फक्त ऊन उतरू द्या. मृगाच्या सुमारास वजन टिकलेलं असलं तर बोका दाखवा. ऑगस्टच्या मध्यावर व्याईल, हवा बरी असेल, आणि दोन वेतांत सात महिने पडतील.

अक्का_भवानीपेठ | सकाळी ९:४५

ऑगस्टात व्याली तर गणपतीच्या मिरवणुकीत पिल्लं महिन्याच्या आतबाहेरची असतील. लेझीम, ढोल दारावरून जातात. आतल्या खोलीत ठेव गं, आणि आईजवळ तू बस.

चाफेकळी | ७ जून, रात्री ९:३०

सोनोग्राफी झाली, शेवंतीच्या किडन्या स्वच्छ आहेत. बोक्याच्या मालकांनी आधी कुरकुर केली, मग दीर स्वतः बोक्याला पिशवीत घालून घेऊन गेले. त्याच्याही स्वच्छ. मधल्या काळात एकूण चार माज रिकामे गेले, मे महिन्यातला अगदी सौम्य होता. लस मे महिन्यातच पूर्ण केली.

एक सांगायचं राहिलं. वजनाची वही आता दीर लिहितात. मी विसरले तर रविवारी सकाळी तेच काटा काढून बसतात.

अक्का_भवानीपेठ | रात्री ९:५०

पिल्ली किती भरली?

चाफेकळी | रात्री ९:५२

३ किलो ४४०. तिसरा रविवार.